खांद्यावर नजर

"हल्ली चोऱ्या फार वाढल्यात," म्हणत काकूंनी साठाव्या वर्षी कराटेचा क्लास लावला, तेव्हा काका पोट धरून हसले. पण ठोसा अडवायचा काकूंचा ब्लॉक काही केल्या वेळेवर लागेना, म्हणून काकांनीच घरी सराव घ्यायचं मनावर घेतलं. "अगं, हाताकडे काय बघतेस? समोरच्याचा खांदा हलला की अडव!" ठोसे मारत ते रोज ओरडायचे. हळूहळू त्यांचा एकही ठोसा पोचेना, आणि काका मिशांवर ताव देत फिरू लागले.

काकांचं गोड डॉक्टरांनी कधीच बंद केलं होतं. त्या संध्याकाळी काकू मालिकेत गुंगलेल्या पाहून त्यांनी नातवंडांसाठी आणलेल्या केककडे हळूच हात नेला. तो वाटेतच काकूंच्या मनगटावर आपटला.



टीव्हीवरची नजर न काढता काकू म्हणाल्या, "खांदा हलला तुमचा."