गणित कुठे चुकलं?

इंजिनिअरताईंनी तीन वर्षं खपून नऊ वर्षांच्या एका मुलीची अख्खी कवटी कॉम्प्युटरमध्ये उभी केली होती. मुलीचा वरचा जबडा मागे राहिला होता. तो रबरांनी पुढे ओढायला डॉक्टरांनी तिला कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारा तारेचा मुखवटा दिला होता. रोज बारा तास लावला, तर सहा महिन्यांत हाड दोन मिलिमीटर पुढे येईल, असं ताईंचं मॉडेल छातीठोकपणे सांगत होतं.

हाड आलं तीन मिलिमीटर!

डॉक्टर खूश, मुलीची आई खूश. ताईंचं मॉडेल मात्र खोटं ठरलेलं. त्याच मॉडेलवरचा प्रबंध द्यायला आठवडा उरलेला. त्यांनी रबरांचा जोर पुन्हा मोजला, ओढीचा कोन तपासला, हाडांचे सांधे नव्याने मांडले. उत्तर आपलं दोनच. शेवटी हात टेकून त्यांनी मायलेकींना बोलावून घेतलं.

"संध्याकाळी सात ते सकाळी सात, अगदी घड्याळ लावून," आई म्हणाली. "सकाळी काढते आणि हिच्याच हातात देते, कपाटात ठेवायला."

मुलीने हळूच दप्तर मागे सरकवलं. त्यातून मुखवट्याची तार डोकावत होती.

"अगं, शाळेतही लावतेस?" ताई उडाल्याच. "बाकीच्या पोरी घरात लावायलासुद्धा रडतात! मुलं चिडवत नाहीत तुला?"

"चिडवतात की."

"मग?"



"पण हा लावला ना, की बाई मला गणितं विचारत नाहीत."