एक कोंबडी कमी

घनसावंगीजवळच्या पोल्ट्रीवरचं काम रायभान सोडून निघाला, त्या दिवशी मालकाचं डोकं फिरलेलं होतं. विक्रीच्या कोंबड्यांची बॅच भरून गाडी गेल्ती आणि मोजणीत एक कोंबडी कमी आल्ती.

"मामा, कोंबडी कुठं हाये ते दाखवा. एक रुपया कापत न्हाई," मालक रायभानला म्हणाला.

बायको गेल्यापासून रायभान शेडवरच राहायचा. पिल्लं आली की रात्रंदिवस चिवचिव असायची. गाडी भरून गेली की मात्र शेड असं मुकं व्हायचं, की त्याला भाकरीचा घास गिळवायचा न्हाई.

त्यानं गळ्यातली तुळशीची माळ हळूच सदऱ्याच्या आत सारली.

"खाल्ली मी," तो म्हणाला.

"माळ घालून कोंबडी खाल्ली? लाज वाटती का काही?" कामावरच्या सगळ्या लोकांसमोर मालक ओरडला. कोंबडीचे पैसे कापले अन् वरून दंड म्हणून निम्मा पगारही ठेवून घेतला. रायभाननं उरलेल्या नोटा न मोजताच खिशात घातल्या, खोलीतून आपली कापडी पिशवी उचलली आणि मान खाली घालून फाट्यावर आला.

जीप थांबली. ड्रायव्हरनं विचारलं, "एकलेच का मामा?"

रायभाननं छातीशी धरलेली पिशवी जराशी उघडली. आतून एका लंगड्या कोंबडीनं मान वर काढली.



"न्हाई बाबा. दोघं हावोत."