चौथा ठोका

डॉक्टर मॅडमनी मैना घोडीच्या पुढच्या डाव्या पायामागे, छातीला तपासायची नळी लावली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. लगाम धरून उभे असलेले कोंडिबा ढेबे एक पाऊल पुढे सरकले. परवान्याच्या तपासणीत घोडी नापास होऊ नये म्हणून त्यांनी तिला आठ दिवस तबेल्यात बसवून खाऊ घातलं होतं, आणि तेवढे दिवस पर्यटकांच्या बॅगा स्वतःच्या डोक्यावर घेऊन माथेरानचा चढ चढले होते.

"काका, हिचा दर चौथा ठोका चुकतोय."

"आठ दिवस आराम दिलाय की हो!"

"म्हणूनच. आरामातल्या घोड्याचं असं होतं कधीकधी. पळाल्यावर ठोके नीट पडले तर काळजी नाही. जरा पळवून आणा."

इथला घोडेवाला घोड्यावर बसत नाही, लगाम धरून बाजूने पळतो. कोंडिबा तीस वर्षं तसेच पळत आले होते. आताही पॉइंटपर्यंत पळून दोघं परतले.

"घोडी एकदम ठणठणीत!" नळी लावून मॅडम म्हणाल्या.

कोंडिबा हसायला गेले आणि छाती धरून मटकन खाली बसले. मॅडमनी तीच नळी त्यांच्या छातीला लावली. ठोके मोजून त्यांनी नळी गळ्यात अडकवली.

"दवाखान्यात चला, काका. घोडीवर बसा."

तीस वर्षांत पहिल्यांदाच कोंडिबा खोगिरावर चढले. मॅडमनी लगाम धरला.

"हळू न्या हं मॅडम," ते कसेबसे म्हणाले. "आत्ताच पळून आलीय बिचारी."