सक्तीची विश्रांती

भाचीच्या लग्नात मामाला फेटा बांधायचा राहिला, म्हणून भैरू ड्रायव्हर सहा वर्षं बहिणीशी बोलत नव्हता. तिचं घर हायवेलाच होतं, पण तो हॉर्नही न वाजवता पुढे जायचा.

यंदा मालकाने ट्रकमध्ये तास मोजणारं यंत्र बसवलं. गाडी आठ तास चालली की सक्तीची विश्रांती. भैरूने यंत्राला यथेच्छ शिव्या घातल्या आणि सोमवारी दुपारी ट्रक बहिणीच्या दारात उभा केला.

"आक्का, मी आपणहून आलो नाही," तो केबिनमधूनच म्हणाला. "यंत्रानं थांबवलं. आठ तास भरले."

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन वर चढली. यंत्राच्या पडद्यावर लिहिलं होतं, 'गाडी चालवण्याचा शिल्लक वेळ: पाच तास.' तिने ते सावकाश वाचलं. भैरू काचेबाहेर बघत राहिला.

"लई कडक यंत्र दिसतंय रे," आक्का म्हणाली. "जेवल्याशिवाय सोडायचं नाही तुला. चल, उतर."