चार आखूड भोंगे

“एकाच हाताने चालवताय, मिस्टर हॉलरॉइड?” परीक्षक बाईंनी विचारलं.

“तुमच्यावर छाप पाडतोय,” दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून बार्जच्या, त्यांच्या त्या लांब सपाट बोटीच्या, पुढच्या टोकाला निघालेली ग्लेनिस म्हणाली. “लग्नाआधी माझ्यावरही अशीच पाडायचा. तेव्हा मोटार होती, एवढंच.”

डेरेक हसला. डावा हात सुकाणूच्या चाकावर होता. उजवा त्याने गिअरच्या दांड्यावर नुसता ठेवून दिला होता, दुकानाच्या काचेमागच्या हातमोज्यासारखा. हिवाळ्यापासून हा हात मनात येईल तेव्हा कामावर यायचा आणि मनात येईल तेव्हा बुट्टी मारायचा. डॉक्टरला त्याने हे सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच. परवान्याच्या अर्जात ‘प्रकृती ठणठणीत’ असं लिहून द्यायचं होतं, तेव्हाही हात हजर असलेला दिवस बघून त्याने सही उरकून घेतली होती.

इंग्लंडच्या पाण्यावर बार्ज चालवणाऱ्याला कुणी परवाना विचारत नाही. चालवा, धडका, माफी मागा, पुढे जा. फ्रान्सच्या कालव्यांवर मात्र परवाना नसेल तर विमा नाही, आणि विमा नसेल तर प्रवेश नाही. हॉलरॉइड मंडळींनी कीथलीचं घर विकून टाकलं होतं. तिकडे फ्रान्समध्ये, बर्गंडीत, बार्ज बांधायला जागा ठरली होती. ग्लेनिस भांडी घासताना फ्रेंच क्रियापदं घोकत होती. डेरेक नियमांच्या लेखी परीक्षेत पास झाला होता. राहिली होती ही, पाण्यावरची. ती पदरात पडली की वसंतात इंग्लिश खाडी ओलांडायची. नाही पडली, तर घरही गेलं आणि फ्रान्सही.

“पुलाच्या अलीकडे वळवून घ्या,” बाई म्हणाल्या. बाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्यांची नजर कुठल्याच गोष्टीवर फार वेळ थांबत नव्हती. अशी माणसं सगळं बघतात, हे डेरेकला ठाऊक होतं.

ऊझ नदीला त्या दिवशी ओढ होती. त्याने चाक फिरवलं. बार्ज संथपणे आडवी व्हायला लागली. आता दांडा मागे ओढायचा, इंजिन उलटं फिरवायचं, की मागची बाजू आपोआप वळते. लहान मूलही करील.

हात हलला नाही.

त्याने खांद्यातून जोर लावला. बोटं दांड्यावरून घसरली आणि मांडीवर पडली. तेवढ्यात प्रवाहाने बार्ज धरली. सगळी नदी अडवून ती आडवीच खाली वाहायला लागली, आणि खालून शर्यतीची लांबलचक होडी वर येत होती. वल्ही मारणाऱ्या मुलींची पाठ बार्जकडे. फक्त शेवटी बसून वल्ह्यांचा ताल हाकारणाऱ्या मुलीचं तोंड इकडे होतं.

डेरेकने तेच केलं, जे यॉर्कशरमधल्या कुठल्याही सभ्य माणसाने केलं असतं. त्याने डावा हात उंच करून हलवला आणि “सॉरी!” म्हणून ओरडला.

त्या मुलीनेही हसून हात हलवला.

“डेरेक!” ग्लेनिस पुढून किंचाळली. “अरे, काय करतोयस मेल्या?”

भोंग्याची कळ डाव्या हाताशी होती. ती त्याने आजवर दाबली नव्हती. या नदीवर भोंगा वाजवणारा म्हणजे पबमधली रांग मोडणारा, त्याच जातीचा. शिवाय परीक्षक शेजारी उभी. चार आखूड भोंग्यांचा अर्थ लेखी परीक्षेत त्यानेच लिहिला होता: मला बोट आवरत नाही, तुम्हीच दूर व्हा. गेल्या कित्येक महिन्यांत हे वाक्य त्याने स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.

मुलींच्या पाठी जवळ आल्या. ओल्या बनियनांवरचे आकडे दिसायला लागले.

त्याने चाक सोडलं आणि कळ दाबली. एक. दोन. तीन. चार.

हाकारणारी मुलगी काहीतरी ओरडली. सगळी वल्ही एकदम पाण्यात रुतली, होडी थबकली आणि काठाला सरकली. डेरेकने डावा हात अंगावरून आडवा नेऊन दांडा मागे खेचला. इंजिन गुरगुरलं. बार्जची मागची बाजू काठावरच्या विलोच्या झाडांच्या फांद्या मोडत वळली आणि सरळ झाली. मुली बाजूने गेल्या त्या शिव्या देतच, पण सगळ्या सुखरूप गेल्या.

डेरेकने बार्ज धक्क्याला लावली.

“मिस्टर हॉलरॉइड,” बाई म्हणाल्या, “प्रवाह मागची बाजू ओढतो, हे कुणाच्याही बाबतीत होतं. पुढे माणूस काय करतो, ते मी बघते. आपले लोक शेवटपर्यंत हात हलवत बसतात, लाज वाटते भोंग्याची. तुम्हीही तेच करताय असं वाटलं होतं. मग अगदी नियमाप्रमाणे वाजवलात. तिकडच्या पाण्यावर हेच लागतं. पास.”

“पास!” ग्लेनिसने दोर टाकला आणि त्याच्या गळ्यात पडली. “मला वाटलं, गेलं सगळं! आणि हा पठ्ठ्या चक्क परीक्षा देत होता! आधी सांगायचंस तरी, माझा जीव गेला असता!”

बाईंनी अभिनंदनासाठी हात पुढे केला. डेरेकच्या उजव्या बोटांत मुंग्या येत होत्या. काही झालंच नाही अशा थाटात तो लबाड कामावर परतला होता. पुढे केला असता, तर आत्ता सहज पुढे गेला असता.

डेरेकने तो उजवा हात खिशात घातला आणि बायकोकडे वळला.

“अगं, तो भोंगा परीक्षेचा नव्हता,” तो म्हणाला. “खरा होता.”