गर्दी ओसरल्यावर

श्रीलंकेत चक्रीवादळाने किनाऱ्यावरची हॉटेलं मोडली आणि तिकडे निघालेले सगळे अंदमानकडे वळले. नेमकं तिथेच बाबा आणि मी जाणार होतो. संध्याकाळी चहा पिता पिता बाबांनी ट्रॅव्हलवाल्या अवधूतला फोनवर सुनावलं, "गर्दीच बघायची तर लक्ष्मी रोड काय वाईट आहे? तिकडचं सावरलं की लोक परत जातील. आम्ही पुढच्या वर्षी जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

त्याला वर्ष होत आलं. काल अवधूतचा फोन आला. "ताई, काकांचा अंदाज अगदी बरोबर निघाला! लोक पुन्हा श्रीलंकेला चाललेत, अंदमान मोकळं आहे. सांगा त्यांना."

"सांगते," म्हणून मी फोन ठेवला.


आणि जन्मात कधी त्यांना बोलले नव्हते ते मी मोठ्याने बोलले, "बाबा, तुमचं चुकलं."