ताटाएवढा केकडा

याच्यातला एक जरी शब्द खोटा निघाला तं माह्या तोंडातले उरलेले तीन दात आताच्या आता पडोत. गाव लाखांदूरच्या जवळचं, मानसं खरी, त्याइची नावं खरी, अन् केकडा ताटाएवढा. हासू नोका, ऐका.

सकाळी नऊ वाजता सत्यभामा अंगनात मोबाइल घेऊन बसली होती. धान निसवाले, लोंबी टाकाले आलं होतं, पंधरा दिवसापासून आभाळातून थेंब नाई, अन् पहाटे पहाटे तिच्या बांधीचा, म्हनजे धानाच्या वावराचा, पानी अडवनारा मातीचा धुरा फुटून सारं पानी खालच्या बांधीत गेलं होतं. खालची बांधी घनश्यामची. घर पन त्याचं तिच्या घराले लागून, मधात एक भिंत.

तिनं गावाच्या गुरुपवर लिहिलं, "माह्या बांधीचा धुरा कोनं फोडला?"

घनश्यामचं उत्तर लगेच आलं. "कोनी नाई फोडला, काकू. तुमच्याच्यानं आता धुरा बांधनं होत नाई. सपन पडलं असन." खाली दहा जनांचे हासरे चेहरे.

"मी खोटं बोलून राह्यली का?" सत्यभामा एकेक अक्षर असं दाबे का जशी पाट्यावर मिरची वाटून राह्यली.

"मंग पुरावा दाखवा. ज्यानं फोडला असन त्याले मी सोता चपलांचा हार घालून चौकातून फिरवतो. कोनी का असेना! साऱ्या गावासमोर लिहून देऊन राह्यलो. नाई तं तुम्ही माफी मागा."

चाळीस वर्सांत सत्यभामाले कोनी खोटी म्हनलं नव्हतं. अन् पुरावा तिच्यापाशी होता. उजेड फुटता फुटता ती बांधीवर गेली तवा धुऱ्यावर एक जन फावडा चालवून राह्यला होता. डोक्याले दुपट्टा, अंगात लाल चौकड्याचा शर्ट. थो शर्ट सारं गाव वळखे. घनश्याम थोच घालून बाजारात मिरवे. पानी तं गेलंच होतं, हाक मारून काय करते? लांबूनच तिनं फोटो काढला होता.

थो फोटो तिनं गुरुपवर टाकला. त्या गावात टावर असा का फोटो उघडेपर्यंत चहा उकळून थंडा होये. तेवढ्यात तिनं आपल्याच मोबाइलवर दोन बोटांनी थो मोठा करून पाह्यला. चोराचं तोंड नीट पाहावं म्हने.

शर्टाच्या खाली लुगडं होतं. हिरवं, पिवळ्या काठाचं, वर खोचलेलं. फावड्याच्या दांड्यावर बांगड्या.

सत्यभामानं कपाळावर हात मारला. रोवनीच्या दिवसात तिच्या सोताच्या अंगात नवऱ्याचाच जुना शर्ट राहे. गावातली कोनती बाई नवऱ्याचा शर्ट न चढवता बांधीत उतरते? अन् हे तिलेच नाई सुचलं.

भिंतीपलीकडं घनश्याम आपल्या बायकोले, जनाबाईले, मोठ्यानं वाचून दाखवत होता. "म्हातारीनं फोटो टाकला वो! गोल गोल फिरूनच राह्यला, उघडून नाई राह्यला. उघडू दे. आज कोनाच्या तरी गळ्यात हार पडतेच."

भाजीत फिरनारा सराटा थांबला.

थो थांबलेला सराटा सत्यभामाले इकडं ऐकू आला. तिनं फोटोवर बोट दाबून धरलं. *सर्वांसाठी हटवा.*

मंग काय, गुरुप पेटला. काय होतं? काहून पुसलं? गावातल्या मारोतरावानं लिहिलं, "पुसलं म्हनजे खोटंच होतं."

सत्यभामानं पुन्हा मिरची वाटली. "माही चूक झाली. धुरा केकड्यानं फोडला. ताटाएवढा होता, मी डोळ्यानं पाह्यला. घनश्याम, माफी दे बाबू."

दिवसभर गाव हासलं. पानटपरीवर पोट्टे दोन्ही हात फाकवून केकडा दाखवत होते. म्हातारी हारली, म्हनून लाजून पुसलं, असं जो तो सांगे. सत्यभामा त्याइच्या समोरूनच फावडा घेऊन गेली अन् एकटीनं धुरा बांधून आली.

संध्याकाळी जनाबाई आली. हातात झाकलेला गंज. दारातच उभी राह्यली. सत्यभामानं झाकन उचललं तं केकड्याचा रस्सा, लसनाचा घमघमाट.

"सापडला, काकू," जनाबाई म्हने. "तुमचा धुरा फोडनारा."

"असं का? पुन्हा तं नाई फोडनार ना?"

"नाई." जनाबाईनं पदरानं नाक पुसलं. "आमचं धान वाळून राह्यलं होतं, अन् हे दिवसभर मोबाइलवर. काय करू?" मंग हळूच म्हने, "मी त्याइले म्हनलं, केकड्यानं पानी आपल्या बांधीत टाकलं, तं थे काकूचंच झालं ना? उद्या मोटर लावून पानी वर चढवून देतात."

सत्यभामानं दोन ताटं वाढली. सगळ्यात मोठी नांगी जनाबाईच्या भातावर ठेवली. "खाय. हात मजबूत पाहिजेत. उद्या धुऱ्यावर अजून माती टाकाची आहे."

जनाबाई हासता हासता रडली. थो फोटो तिनं मांगितला नाई, अन् सत्यभामानं दाखवला नाई.

आता दाताची भीती वाटून राह्यली म्हनून सांगून टाकते. एक गोष्ट मनची टाकली. नावं. सत्यभामा, जनाबाई, घनश्याम असं त्या गावात कोनीच नाई, शोधाले जाऊ नोका.

केकडा मात्र ताटाएवढाच होता.